वांगे निलंबित, मासा बडतर्फ

८ जुलै

कर्मचारी संघटना दरवर्षी डायरी देते आणि ती दरवर्षी कोरीच रद्दीत जाते. यंदाची निम्मी तशीच गेली, उरलेली निम्मी कामाला लावतो आहे. कारण गंभीर आहे.

आज सकाळी श्रावस्तीचा वरचा ओठ सुजला. श्रावस्ती माझी एकुलती एक मुलगी, बारावी सायन्सला आहे. ओठ एवढा सुजला होता की तिला ‘पप्पा’ म्हणता येईना, म्हणून तिनं माझा पाय ओढून मला उठवलं. मे महिन्यात तिचा हात सुजला होता, जूनमध्ये एक डोळा बंद झाला होता. खाज नाही, पुरळ नाही, ताप नाही. दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतं, म्हणून आम्ही गप्प होतो. पण माझे वडील घसा सुजून गेले, आणि ओठापासून घसा काही लांब नाही. सूज तिथं पोचायच्या आत कारण सापडलं पाहिजे.

मी लोहारा तहसीलमध्ये अव्वल कारकून आहे. चौकशीचा अहवाल लिहावा तर नागसेननं, असं मागच्या तहसीलदारांनी चारचौघांत म्हटलं होतं, स्वतःची बदली झाल्यावर. तेव्हा ही चौकशी मी माझ्याकडेच घेतली आहे.

काल रात्रीचं जेवण: वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा. भाकरी रोजची, ठेचाही रोजचा. म्हणजे प्रथमदर्शनी संशय वांग्यावर जातो. चौकशी पूर्ण होईपर्यंत वांगे निलंबित.

घरात आम्ही तिघं आणि माझी आई. माझी बायको क्षमा अंगणवाडी सेविका आहे. ती म्हणाली, “वांगं आपण चौघांनीपण खाल्लं. ओठ हिचाच कसा सुजला?” मी म्हटलं, हे चौकशीत पुढं येईल.

शेजारचे माणिकप्पा म्हणाले, पोरीवरून लिंबू उतरवून टाका. मी म्हटलं, आमचं घर छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेपासून असलं काही मानत नाही. आम्ही पुराव्यावर चालतो.

११ जुलै

सूज उतरली. लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या होत्या. पण इंजेक्शन दिल्यावर सूज वाढतच होती आणि गोळ्या संपल्यावर उतरली, त्यामुळे श्रेय त्यांना देता येत नाही. वांग्याच्या निलंबनाचा परिणाम दिसतो आहे.

२ ऑगस्ट

माकणीच्या धरणावरचे ताजे मासे घेऊन एकजण दारात आला होता. त्याला परत पाठवलं. आमच्या घरातून मासा वीस वर्षांपूर्वीच बडतर्फ झालेला आहे. त्याची कायमची नोंद राहावी म्हणून इथं लिहितो.

माझे वडील गुलाबराव, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांना भिंतीखालून ओढून काढलं होतं. पुढं अकरा वर्षं ठणठणीत जगले आणि मासा खाऊन गेले. भूकंपातून वाचलेला माणूस माशानं गेला, असं आमच्या गावात, सास्तुरात, आजही म्हणतात. नव्या माणसाला गावाची माहिती देताना आवर्जून सांगतात.

आज क्षमानं आईला सगळं नीट विचारलं. या घरात तिला येऊन इतकी वर्षं झाली पण हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आई म्हणाली, “आदल्या दिशी उमरग्याला जाऊन दाढ काढून आले हुते. भाकर चावंना त्यांला. म्हनून म्या मासा केला, मऊ असतुय म्हनून. लई आवडला हुता त्यांला. दोनदा मागून घेतला. म्या बी वाढला. सकाळी आवाजच फुटंना. नको म्हनाया पायजे हुतं म्या.”

साक्ष स्पष्ट आहे. मासा खाल्ला, घसा सुजला. सांगताना आई पदरानं पातेलं पुसत होती. ते क्षमानं आधीच पुसून ठेवलेलं होतं. आईनं स्वतः तेव्हापासून मासा तोंडात घातलेला नाही. वासही नको म्हणते. कुणी विषय काढला की काही काम नसताना आत जाते. वय झालं की माणसं अशी होतात.

१७ ऑगस्ट

श्रावस्तीचे दोन्ही तळहात सुजले. पेन धरता येईना. पंधरा ऑगस्टला कॉलेजच्या ढोलपथकात तिनं ढोल वाजवला आणि नंतर जिलेबी खाल्ली. ढोल पंधरा-वीस मुलींनी वाजवला, कुणाचेही हात सुजले नाहीत. म्हणून ढोल निर्दोष.

क्षमा म्हणाली, “जिलेबीपण सगळ्यांनीच खाल्ली की.”

या मुद्द्याची नोंद घेतली. जिलेबी निलंबित.

६ सप्टेंबर

माझा उजवा हात मनगटापासून सुजला. दाखल्यांची मोहीम चालू आहे, दिवसभर शिक्के मारावे लागतात. कारकुनाचा हात सुजायचाच. मी आमचे शिपाई धुळाप्पा यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, “भाऊसाहेब, तुमच्याहून जास्ती शिक्के म्याच मारतो की. माझा कुठं सुजतोय?”

धुळाप्पांचा हात शेतकऱ्याचा आहे.

७ सप्टेंबर

रजा टाकली. पोटात वायू धरला. वर्षातून तीन-चारदा धरतो. सरळ उभं राहता येत नाही, उलट्या होतात, पोट तंबोऱ्यासारखं तट्ट होतं. ओवा-हिंग घेऊन पडून राहिलं की दोन दिवसांत उतरतो. दादांनाही धरायचा. आमच्याकडं जमीन नाही, वडिलोपार्जित एवढंच आहे.

२० सप्टेंबर

आजअखेर निलंबित: वांगे, जिलेबी, शेंगदाणे, अंडी, टमाटे, बेसन, आंबट चुका. प्रत्येकाच्या निलंबनानंतर दोन-तीन दिवसांत सूज उतरली आहे. इतका स्वच्छ पुरावा मला ऑफिसातही कधी मिळाला नाही. अडचण एवढीच की थोड्या दिवसांनी नवा गुन्हेगार निघतो.

क्षमानं आज ताटात भाकरी, मुगाचं वरण आणि मीठ वाढलं. म्हणाली, “आता मीठ अन् पाणी राहिलं. त्यांना नोटीस कधी काढताय?”

मग आत श्रावस्ती नाही असं बघून ती म्हणाली, महिन्याच्या त्या दिवसांत पोरीला जास्त त्रास होतो, कधी परीक्षा आली की होतो, हे जेवणाचं नसेल. मी म्हटलं हा विषय चौकशीच्या कक्षेत येत नाही. शिवाय क्षमाच्या मामाला दमा आहे. अ‍ॅलर्जी रक्तातून येते असं ऐकलंय, आणि आमच्या बाजूला कुणाला काही नाही. हे मी तिला सौम्य शब्दांत सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. हे शेवटचं दोन दिवसांनी जोडलं आहे.

२८ सप्टेंबर

श्रावस्ती बायोलॉजी मोठ्यानं वाचते आणि मला मराठीत सांगते. मी ऐकलं की तिच्या डोक्यात बसतं म्हणे. आज धडा होता जन्मजात प्रतिकारशक्तीचा. कातडी, अश्रू, लाळ. मग सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. इथं जंतू शिरलाय, या, असे. ताप येतो तो त्या निरोपांपायीच. मग कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं. ती रक्तात आधीपासूनच तयार असतात, एकानं दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. मी विचारलं, यांना आदेश कोण देतं? ती म्हणाली, “आदेश लागत नाही पप्पा, आपोआपच सुरू होतं.” म्हटलं, मग थांबवतं कोण? ती म्हणाली ते दोन ओळींत आहे, परीक्षेला येत नाही.

आदेशाशिवाय चालणारं खातं मी तरी पाहिलेलं नाही. ऐकता ऐकता मला झोप लागली.

४ ऑक्टोबर

धाराशिवला जाऊन आलो. परवा श्रावस्तीच्या पोटात कळ आली, ती गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसली. लोहाऱ्यात म्हणाले अपेंडिक्स असू शकतं. धाराशिवच्या सर्जननी सोनोग्राफी केली. आतड्याला सूज, पोटात थोडं पाणी. एक दिवस वाट बघू म्हणाले, नाहीतर पोट उघडून बघावं लागेल. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो आणि तिथं बसल्या बसल्या हरभऱ्याची डाळ निलंबित केली. दुसऱ्या दिवशी कळ गेली. सर्जन म्हणाले, अजब आहे. आम्ही एसटीनं परत आलो. श्रावस्ती खिडकीला डोकं टेकून म्हणाली, “पप्पा, मला डॉक्टर व्हायचंय, पेशंट नाही.”

तिकिटं वरच्या खिशात होती, ती काढून खालच्या खिशात ठेवली.

२२ नोव्हेंबर

निवडणुकीच्या कामामुळं लिहायला फुरसत नव्हती. सलग उभं राहून दोन्ही पाय सुजले. बूट निघेनात, धुळाप्पांनी कात्रीनं कापून काढले. बूट निकृष्ट दर्जाचा होता. दुकानदाराकडं तक्रार करणार.

१ डिसेंबर

श्रावस्तीची दाढ किडली आहे. गेला आठवडाभर ठणकते. फेब्रुवारीत परीक्षा, त्याआधी हे मिटवून टाकलेलं बरं. उद्या काढायची. घरात सांगितलं तर आई म्हणाली, “काढा. पर मासा तेवढा देऊ नगा पोरीला.”

म्हटलं, आई, आपल्या घरात मासा येतोच कुठं?

३ डिसेंबर, सकाळ

दाढ काल व्यवस्थित निघाली. आज गाल सुजलेला आहे, पण दाढ काढल्यावर तेवढं होणारच, असं डेंटिस्टनी आधीच सांगितलंय. खायला फक्त मुगाची पातळ खिचडी. या क्षणी घरात एकही संशयित नाही. इतका निर्धास्त मी जुलैपासून कधी नव्हतो.

८ डिसेंबर

लातूरहून लिहितो आहे. श्रावस्ती समोरच्या खाटेवर झोपली आहे, श्वास नीट चालू आहे. हे आधी लिहिलं, कारण पुढचं लिहिताना मलाच सारखं वर बघावं लागणार आहे.

तीन तारखेला दुपारी तिचा आवाज बदलला. अंगणातून कुणी दुसरीच मुलगी ‘मम्मी’ म्हणून हाक मारतेय असं वाटलं. मग तिला थुंकी गिळवेना, टॉवेलात थुंकायला लागली. लोहाऱ्यात डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीची सगळी इंजेक्शनं दिली, एकामागून एक. काहीच फरक नाही. ते घाबरून म्हणाले, लातूर गाठा. माणिकप्पांनी न विचारता गाडी काढली.

गाडीत मी खिचडीचा विचार करत होतो. मूग, तांदूळ, हळद, मीठ. यांतलं कोण? मग श्रावस्तीनं माझा हात घट्ट धरला आणि मला मूगही आठवेना, तांदूळही आठवेना. मी घाबरलो होतो. इतका की तिच्याकडं बघायला मला जमत नव्हतं, मी रस्त्याकडं बघत होतो. क्षमा तिच्या पाठीवरून हात फिरवत “हळूहळू घे, हळूहळू” एवढंच म्हणत होती.

दवाखान्यात निकिता नावाची डॉक्टर होती, श्रावस्तीहून फार मोठी नसेल. तिनं घसा पाहिला, नळी घालायची तयारी करायला सांगितली आणि आमच्याकडं वळली. पुरळ येतं का? नाही. खाजतं? नाही. इंजेक्शननं उतरतं? नाही. ताप? नाही. ती म्हणाली, “घरात आणखी कुणाला असं झालंय?”

मी म्हटलं, “माझे वडील घसा सुजून गेले. पण ते माशानं.”

“माशानं?”

“मासा खाल्ला, सकाळी घसा सुजला.”

“त्याआधी काय झालं होतं? आजारी होते? कुठं लागलं होतं?”

“काही नाही. आदल्या दिवशी नुसती दाढ काढली होती.”

डॉक्टरनं श्रावस्तीच्या सुजलेल्या गालाकडं पाहिलं. “आणि हिची?”

“काल.”

हे उत्तर मी दिलं. माझ्याच तोंडानं दिलं. आणि तरी मला कळायला वेळ लागला. क्षमाला माझ्याआधी कळलं. तिनं भिंतीला हात टेकला.

पुढचं वेगानं झालं. डॉक्टरनं दोन-तीन फोन केले, रक्तपेढीतून रक्ताचा पिवळा भाग आणवला आणि तो श्रावस्तीच्या शिरेत सोडला. नळी उशाशी तयार ठेवली होती. ती घालायची वेळ आली नाही. संध्याकाळपर्यंत श्रावस्तीनं थुंकी गिळली. एवढ्या साध्या गोष्टीला मी आयुष्यात कधी रडलो नव्हतो.

१० डिसेंबर

डॉक्टर निकितांनी समजावून सांगितलं. माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो.

रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात. जंतू शिरला की पहिलं दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी जंतूच्या अंगाला भोक पाडतात. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपोआप सरकते तसं. ही फाइल विनाकारण सुटू नये म्हणून एक प्रथिन पहिल्याच टेबलावर बसून असतं. तेच प्रथिन शेजारच्या आणखी एका खात्यावरही लक्ष ठेवतं. श्रावस्तीकडं ते जन्मतःच कमी आहे. त्यामुळं कुठं मार बसला, दाढ ओढली, ढोल बडवला, परीक्षेची धास्ती घेतली, पाळी आली, की शेजारच्या खात्याला कुणी आवरायला नसतं, आणि तिथून असा काही पदार्थ सुटतो की रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. ओठात झिरपल्या तर ओठ सुजतो, आतड्यात झिरपल्या तर पोटात कळ येते, घशात झिरपल्या तर श्वास अडतो. अ‍ॅलर्जीचा रस्ताच वेगळा, म्हणून ती इंजेक्शनं उपयोगाची नव्हती. रक्ताच्या पिवळ्या भागात ते प्रथिन दुसऱ्या माणसाकडून येतं, म्हणून ते लागू पडलं.

मी विचारलं, “यात वांग्याचा कितपत सहभाग आहे?”

“कशाचा?”

“वांग्याचा. आणि जिलेबीचा.”

“काहीच नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

श्रावस्तीचा आवाज अजून बसलेला आहे. ती म्हणाली, “पप्पा, थांबवतं कोण, हे तुम्हीच विचारलं होतं. नंतर झोपलात.”

हा आजार आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून येतो, असं डॉक्टर म्हणाल्या. मी क्षमाच्या मामाचा दमा त्यांच्या निदर्शनास आणून दिला. त्यांनी आम्हा दोघांचंही रक्त घेतलं. मी म्हटलं माझं कशाला, मला कधी काहीच होत नाही. डॉक्टरनी क्षमाकडं पाहिलं.

क्षमा म्हणाली, “वायू. शिक्के. बूट.”

२४ डिसेंबर

रिपोर्ट आले. क्षमाचं रक्त व्यवस्थित आहे. मामाचा दमा हा मामाचा स्वतःचा आहे. ते प्रथिन माझ्यात कमी आहे, श्रावस्तीहूनही कमी. दादांचं रक्त तपासायला आता दादा नाहीत, पण तपासायची गरज नाही म्हणाल्या.

ज्याचा प्रकरणाशी संबंध आहे त्याच्याकडं चौकशी देऊ नये, असा साधा नियम आहे. मी पंचवीस वर्षं तो दुसऱ्यांच्या फायलीत लिहीत आलो.

दोघांनाही गोळ्या दिल्या आहेत. कायम खिशात ठेवायला एक कार्ड दिलं आहे, दाढ काढण्याआधी किंवा ऑपरेशनआधी ते दाखवायचं. श्रावस्तीनं आपलं कार्ड बायोलॉजीच्या पुस्तकात त्या दोन ओळींच्या पानावर ठेवलं. मी तिला म्हटलं, “बाळा, हे माझ्याकडून तुला आलं.” ती म्हणाली, “तुमच्याकडं आजोबांकडून आलं. आजोबांकडं कुणाकडून आलं असंल, त्याचं नाव कुणाला म्हाईत?” मग म्हणाली, “पप्पा, तुमचा वायू म्हणजे माझं अपेंडिक्स होतं की.” आणि हसली. मलाही हसू आलं, पण मला वाईट वाटलं. पोरगी दवाखान्यात कळवळत होती आणि मी पायऱ्यांवर बसून डाळीवर कारवाई करत होतो.

घरी आल्यावर सर्व निलंबने पूर्वलक्षी प्रभावाने रद्द केली, तसं तोंडी जाहीर केलं.

क्षमा म्हणाली, “माझं?”

“तुझं काय?”

“सहा महिने मी रांधलं अन् तुम्ही प्रत्येक घास संशयानं बघून खाल्ला. पोरगी सुजली की आधी माझ्या हाताकडं बघायचात. माझं निलंबन रद्द करायला कुणाकडं अर्ज द्यायचा?”

मी माफी मागितली. साधी मागितली, ऑफिसच्या भाषेत नाही. ती म्हणाली ठीक आहे, वांग्याचं भरीत तुम्ही करा. मी केलं. वांगं एका बाजूनं कच्चं राहिलं. तिघींनी खाल्लं, कुणी तक्रार केली नाही.

२६ डिसेंबर

आईला अजून सांगितलेलं नाही. पोरगी बरी झाली, रक्तात दोष होता, एवढं तिला माहीत आहे. माशाचं सांगायचं राहिलं.

राहिलं असं नाही. दोनदा तिच्याजवळ जाऊन बसलो आणि उठून आलो. ऑगस्टमधली तिची साक्ष काढून वाचली. दाढ तिनं पहिल्याच वाक्यात सांगितली होती. मी खाली लिहिलं, साक्ष स्पष्ट आहे. आणि वय झालं की माणसं अशी होतात, हेही मीच लिहिलं.

‘तू केलेल्या माशानं गेले’ असं वीस वर्षं आईला कुणी तोंडावर बोललं नाही. गावही नाही, मीही नाही. आम्ही फक्त मासा म्हणायचो.

२९ डिसेंबर

रविवार. क्षमा सकाळीच माकणीला गेली आणि मासे घेऊन आली. पिशवी ओट्यावर ठेवून, दारातून आईकडं बघत म्हणाली, “आता आत्यांना तुम्ही सांगताय का मी सांगू?”

आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसलो. दोन-चार शेंगा सोलल्या.

“आई, मासा नव्हता.”

“काय?”

“दादा माशानं गेले नाहीत. दाढ ओढली, त्यानं घसा सुजला. पोरीचं झालं तेच. रक्तात कमी होतं त्यांच्या. माझ्यातही आहे. तू मासा केला नसतास तरी सकाळी तेच होणार होतं.”

आई शेंगा सोलत राहिली. हातातली शेंग संपवून म्हणाली, “ह्ये डाक्टर म्हनली का तू म्हनतूस?”

“डॉक्टर म्हणाल्या.”

“श्रावस्तीला वाचिवली तीच?”

“तीच.”

“मंग खरं असंल.”

ती उठली, आत गेली. मला वाटलं नेहमीसारखी आत गेली. थोड्या वेळानं भांड्यांचा आवाज आला आणि मागोमाग तिचाही. ती क्षमाला म्हणत होती, “सर बाजूला. असा चिरत न्हाईत त्यो. काटा मोडतुय.”

दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो. वाढायला मी होतो, कारण माझी शिक्षा अजून संपलेली नाही. आईनं भाकरी मोडली, रश्शात बुडवली, माशाचा तुकडा बोटांनी दाबून पाहिला आणि तोंडात घातला. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते.

“लई आवडला हुता त्यांला,” ती म्हणाली. “दोनदा मागून घेतला. म्या बी वाढला.”

शब्द ऑगस्टचेच आहेत, मी आत्ता पान उलटून पाहिलं. पण या वेळी आई हे श्रावस्तीला सांगत होती, एखाद्याची खोड सांगावी तसं, आणि सांगताना हसत होती. श्रावस्ती म्हणाली, “आजी, आजोबा एवढे हावरट होते व्हय?” आई म्हणाली, “व्हय तर. तुझ्या बापावानीच.”

मग तिनं ताट पुढं केलं. मी वाढला.